औषधाचे दुकान, विमा कंपनी आणि सामुदायिक सौदा

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही औषधविक्रेते आणि विमा कंपन्या यांच्यातील वाटाघाटींचा विषय सुचविला. कामगार संघटनेचे काम करणाऱ्यांनी दुकानदारांच्या गल्ल्याची चौकशी कशाला करावी, असे काही श्रोत्यांच्या मनात आले असेल. वागळे इस्टेट, डोंबिवली आणि अंबरनाथ येथील कारखान्यांच्या दाराशी सभा घेण्यात आमची वर्षे गेली. दुकान आम्ही कधी चालविले नाही. तरीही हा विषय आमच्या नित्याच्या कामातूनच आमच्यापुढे आला, आणि तो कसा आला हे आधी सांगितले पाहिजे.

पूर्वी कारखान्यातील करारनाम्यात पगार, महागाईभत्ता, बोनस, रजा, कँटीन एवढी मुख्य कलमे असत. पुढे त्यांत आणखी एका कलमाची भर पडली. ते कलम म्हणजे गट आरोग्य विमा. आमचे सभासद त्याला सरसकट ‘मेडिक्लेम’ म्हणतात. आरंभी हा विमा हॉस्पिटलात दाखल झालेल्या माणसापुरताच होता. आता काही पॉलिसींत डॉक्टरची तपासणी आणि दुकानातून घ्यावयाची औषधे यांचाही समावेश होऊ लागला आहे. मधुमेह, रक्तदाब, दमा यांची औषधे महिन्याच्या महिन्याला लागतात. तेव्हा ही सोय सभासदांना हवीशी वाटते, आणि त्यात गैर काही नाही. परंतु पॉलिसीच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत एक अट असू शकते. रोख पैसे न देता औषध हवे असेल तर ते कंपनीने नेमून दिलेल्या साखळी-दुकानातून किंवा ऑनलाइन विक्रेत्याकडूनच घ्यावे. घराजवळच्या दुकानातून घेतले तर आधी खिशातून पैसे भरा, मग बिल पाठवा आणि मग वाट पाहा.

डोंबिवलीच्या एका कारखान्यातील दुसऱ्या पाळीच्या सभासदांनी ही तक्रार आमच्यापुढे प्रथम मांडली. त्यांची पाळी रात्री अकराला सुटते. त्या वेळी उघडे असते ते घराच्या वाटेवरचे जुने दुकान. नेमून दिलेले दुकान स्टेशनच्या पलीकडे, आणि तेही तोवर बंद झालेले. ऑनलाइन मागविलेले औषध उद्या किंवा परवा. घरी मूल तापाने फणफणलेले असताना ही पॉलिसी असून नसल्यासारखीच. आणि ज्या दुकानदाराने वर्षानुवर्षे महिनाअखेरीस उधारीवर औषध दिले, त्याच्याकडून आमचे नियमित गिऱ्हाईक काढून घेतले जाते ते वेगळेच.

यावर आमच्या मंडळींचा पहिला प्रश्न अगदी स्वाभाविक होता. ‘कामगार एकत्र येऊन मालकाशी बोलतो, तसे या दुकानदारांनी एकत्र येऊन विमा कंपनीशी का बोलू नये?’ या प्रश्नाचे उत्तर दिसते तितके सोपे नाही. एकत्र येण्यात बळ आहे हे खरेच. पण कोणी, कोणत्या गोष्टीसाठी आणि कोणाच्या खर्चाने एकत्र यावे, यावर त्या बळाची किंमत ठरते.

दुकानदाराचा हिशेब

वाटाघाटीला बसण्यापूर्वी आपला हिशेब आपल्याला तोंडपाठ हवा, हा आमच्या धंद्यातील पहिला धडा. म्हणून प्रथम औषधविक्रेत्याचा हिशेब पाहू.

औषधाचे दुकान रस्त्यावरून किराणा दुकानासारखे दिसले तरी ते तसे नाही. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालील १९४५ चे नियम यांप्रमाणे त्याला परवाना लागतो. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली व्हावे लागते. शिवाय वेष्टनावर छापलेल्या किंमतीहून एक पैसाही जास्त घेता येत नाही. तूरडाळ महागली तर वाणी भाव वाढवितो. केमिस्टला ती मुभा नाही. दुकानाचे भाडे वाढले, विजेचे बिल वाढले, तरी गोळ्यांच्या पट्टीवर छापलेला आकडा तोच राहतो. त्याची मिळकत म्हणजे खरेदी आणि छापील किंमत यांतील फरक, आणि तो फरक दुसरेच कोणी ठरवितात.

ज्या औषधांच्या किंमती सरकार बांधून देते त्यांना अनुसूचित औषधे म्हणतात. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे त्यांवर किरकोळ विक्रेत्याला त्याच्या खरेदी किंमतीवर १६ टक्के धरलेले आहेत. इतर औषधांवर व्यापाराच्या रिवाजाने विक्री किंमतीच्या २० टक्क्यांच्या आसपास सुटतात.

आता कर बाजूला ठेवून एक साधे गणित करू. अनुसूचित औषधाची पट्टी दुकानदाराने १०० रुपयांना घेतली. छापील किंमत ११६ रुपये. विमा कंपनी म्हणते, आमच्या पॉलिसीधारकाला छापील किंमतीवर १५ टक्के सवलत द्या. ११६ चे १५ टक्के म्हणजे १७ रुपये ४० पैसे. विक्री झाली ९८ रुपये ६० पैशांना. म्हणजे प्रत्येक पट्टीमागे १ रुपया ४० पैसे दुकानदाराच्या खिशातून गेले. दुसरे औषध ८० रुपयांना घेतले आणि त्याची छापील किंमत १०० रुपये असेल, तर १५ टक्के सोडल्यावर पाच रुपये उरतात. त्या पाच रुपयांत गाळ्याचे भाडे, फार्मासिस्टचा पगार, इन्सुलिनसाठी चोवीस तास चालणारा फ्रिज आणि मुदत संपलेल्या मालाची तूट बसवावयाची असते.

याखेरीज उधारीचा प्रश्न आहे. समजा, घाऊक विक्रेता, ज्याला बाजारात स्टॉकिस्ट म्हणतात, एकवीस दिवसांत पैसे मागतो आणि विमा कंपनी साठ दिवसांनी देते. मधले एकोणचाळीस दिवस पैसा दुकानदाराचा अडकला. विम्याच्या गिऱ्हाइकांसाठी महिन्याला एक लाखाची खरेदी असेल तर सदासर्वकाळ १ लाख ३० हजार रुपये गुंतून पडतात. मोठी साखळी हे सोसू शकते. ती ठोक खरेदीत जास्त सूट मिळविते, स्वतःच्या नावाचा माल विकते आणि गोळीवर गेलेले साबणावर भरून काढते. कळव्यातील किंवा टिटवाळ्यातील एका गाळ्याचा दुकानदार हे करू शकत नाही.

विमा कंपनी कोठे उभी आहे

समोरच्या पक्षाची अडचण समजून घेतल्याशिवाय बोलणी होत नाहीत. केवळ शिव्या देऊन टाळ्या मिळतात, करार मिळत नाही.

आपल्या देशात १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि हा व्यवसाय चार सरकारी कंपन्यांकडे आला. १९८६ साली त्यांनी मेडिक्लेम ही पॉलिसी आणली. १९९९ च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना दार उघडले. २००१ च्या नियमांनी कंपनी आणि रुग्ण यांच्यामध्ये कागदपत्रे पाहणारी तिसरी संस्था आली; तिला टी.पी.ए. म्हणतात. या सर्व काळात हॉस्पिटल आणि विमा कंपनी यांचा थेट संबंध वाढत गेला, पण औषधाच्या किरकोळ दुकानाशी कंपनीचा संबंध जवळजवळ आलाच नाही. हॉस्पिटलात जाण्यापूर्वीच्या आणि घरी आल्यानंतरच्या काही दिवसांची औषधाची बिले रुग्ण आपल्या फाइलीत लावी, एवढाच काय तो संबंध. दुकानदाराला कंपनी ठाऊक नव्हती आणि कंपनीला दुकानदार.

आता औषधाचा रोजचा खर्च विम्याखाली येऊ लागला तेव्हा कंपनीपुढे प्रश्न उभा राहतो की, ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या शेकडो दुकानांची बिले खरी की खोटी हे तपासावे कसे? एका दुकानाचे बिल संगणकावरचे, दुसऱ्याचे हाताने लिहिलेले. कोणी औषधाऐवजी शांपू देऊन गोळ्यांचे बिल फाडणार नाही कशावरून? त्यापेक्षा एका साखळीशी एकच करार करावा, बिले एकाच नमुन्याची येतील, सवलतही मिळेल, हा कंपनीचा विचार तिच्या दृष्टीने चूक नाही. म्हणून आम्ही असे म्हणतो की, लहान दुकानदारांची खरी स्पर्धा साखळीच्या सवलतीशी जितकी आहे, तितकीच ती साखळीच्या सुटसुटीतपणाशी आहे. हा सुटसुटीतपणा त्यांना एकत्र येऊन देता आला तर अर्धे भांडण मिटते.

जुने उदाहरण

स्वतंत्र दुकान आणि विम्याचे पैसे ही जोडी आपल्याकडे अगदीच नवी नाही. १९४८ च्या कायद्याने कामगार राज्य विमा योजना आली. फेब्रुवारी १९५२ मध्ये ती दिल्ली आणि कानपूर येथे सुरू झाली आणि १९५४ साली मुंबईत आली. मुंबईत सरकारने सगळीकडे स्वतःचे दवाखाने उघडले नाहीत, तर खाजगी डॉक्टरांची यादी केली. त्यांना कामगार ‘पॅनेल डॉक्टर’ म्हणत, आणि त्यांच्या चिठ्ठीवर मान्यताप्राप्त दुकानातून औषध मिळे. गिरणगावातील वडीलधाऱ्या माणसांना ही पद्धत चांगली आठवेल. तिच्यात दोष पुष्कळ होते. पण दुकान स्वतंत्र ठेवूनही विम्याचे औषध देता येते, एवढे तिने दाखविले.

इंग्लंडमध्ये हाच मार्ग आधी चोखाळला गेला होता. तेथे १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याखाली जानेवारी १९१३ पासून विमेदार कामगारांना डॉक्टर आणि औषध मिळू लागले. औषध देण्याचे काम दुकानदारांच्या यादीकडे आले आणि त्यांच्या स्थानिक समित्यांना मान्यता मिळाली. आजही इंग्लंडमधील औषधविक्रेत्यांच्या वतीने ‘कम्युनिटी फार्मसी इंग्लंड’ ही एकच संस्था सरकारशी दराची बोलणी करते.

या उदाहरणांत एक गोष्ट लक्षात ठेवावयाची. दोन्हीकडे समोर सरकारी योजना होती, आणि इंग्लंडमध्ये तर दुकानदारांच्या समितीला टेबलाशी खुर्ची कायद्यानेच दिली. खाजगी विमा कंपनीपुढे अशी खुर्ची कोणी मांडून ठेवलेली नाही. ती मिळवावी लागते, आणि मिळविताना आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो हे पाहावे लागते.

संघशक्ती आणि कायदा

औषधविक्रेते असंघटित आहेत असे मात्र कोणी समजू नये. अखिल भारतीय केमिस्ट आणि ड्रगिस्ट संघटना ही देशातील मोठ्या व्यापारी संघटनांपैकी एक आहे. तिचे दीर्घकाळ अध्यक्ष राहिलेले जगन्नाथ शिंदे हे आपल्या कल्याणचे. ऑनलाइन विक्रीच्या विरोधात या संघटनेने १४ ऑक्टोबर २०१५ रोजी आणि पुन्हा २८ सप्टेंबर २०१८ रोजी देशभर दुकाने बंद ठेवण्याची हाक दिली होती. जिल्ह्याजिल्ह्यात शाखा, सभासदांची यादी, हाकेसरशी शटर खाली ओढण्याची शिस्त, हे सारे तिच्यापाशी आहे. मग तिने औषध कंपन्यांशी जी बोलणी केली त्यांचे काय झाले?

या संघटनेने औषध उत्पादकांच्या संघटनांशी समझोते केले होते. किरकोळ आणि घाऊक विक्रेत्याला किती टक्के सुटावेत हे त्यांत ठरत असे. कंपनीने नवा स्टॉकिस्ट नेमण्यापूर्वी संघटनेचे ना-हरकत पत्र घ्यावे, आणि नवे औषध बाजारात आणताना संघटनेला माहितीपत्रकाचे शुल्क द्यावे, असाही रिवाज होता. भारतीय स्पर्धा आयोगापुढे हे प्रकरण गेले. जून २०१२ मध्ये गोव्याच्या औषधविक्रेता संघटनेविरुद्ध आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये अखिल भारतीय संघटनेविरुद्ध आयोगाने निर्णय दिला. ठरवून घेतलेले टक्के आणि ना-हरकतीची सक्ती ही स्पर्धेला बाधक आहेत असे आयोगाने ठरविले आणि अखिल भारतीय संघटनेला सुमारे ४७ लाख रुपयांचा दंड केला. पुढे ऑक्टोबर २०१८ च्या एका टिपणात आयोगाने असेही म्हटले की, औषधांवरील व्यापारी नफा चढा राहण्याला या संघटनांचे आपसातील नियमनही कारण आहे.

येथे आमच्या मंडळींना कोडे पडते. कामगारांनी एकत्र येऊन पगाराचा दर मागितला तर तो हक्क, आणि दुकानदारांनी एकत्र येऊन दर मागितला तर तो गुन्हा, असे कसे? याचे उत्तर इतिहासात आहे. कामगारांनाही हा हक्क फुकट मिळालेला नाही. १९२०-२१ साली मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या प्रकरणात बी. पी. वाडिया आणि त्यांचे सहकारी यांच्यावर हायकोर्टाने मनाई हुकूम बजावला. कामगारांना कामापासून परावृत्त करणे हाच त्यांचा अपराध ठरला. त्यानंतर आपले ना. म. जोशी यांनी १९२१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव मांडला आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला. त्याने संघटनेला संरक्षण दिले. आता त्या कायद्याची जागा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे, तरी मूळ तत्त्व तेच आहे. कामगार आपले श्रम विकतो, माल विकत नाही. त्याच्या एकजुटीला कायद्याने वेगळे स्थान दिले आहे.

दुकानदार मात्र कायद्याच्या नजरेत उद्योग चालविणारा आहे. २००२ च्या स्पर्धा कायद्याचे तिसरे कलम २० मे २००९ पासून अंमलात आले. एकाच धंद्यातील लोकांनी किंवा त्यांच्या संघाने मिळून भाव ठरविला तर तो स्पर्धेला अपायकारक आहे असे ते कलम गृहीतच धरते. यामागे तर्क आहे. कामगाराच्या पगारवाढीचा पहिला भार मालकावर पडतो. पण सर्व दुकानदारांनी मिळून ‘आम्ही कोणीही पाच टक्क्यांहून अधिक सवलत देणार नाही’ असे ठरविले, तर त्याचा भार आजारी माणसावर पडतो. तो त्या टेबलाशी बसलेला नसतो.

त्याच कलमात एक अपवादही आहे, त्याकडे आमच्या दुकानदार मित्रांनी लक्ष द्यावे. माल पुरविण्यात, साठविण्यात किंवा वाटण्यात कार्यक्षमता वाढेल असा संयुक्त उपक्रम असेल तर त्याला हे गृहीतक लागू होत नाही. अर्थात केवळ संयुक्त उपक्रमाची पाटी लावून भाव बांधता येत नाही. काम खरोखरच मिळून झाले पाहिजे.

शटर ओढण्याचा मार्ग

भाव ठरविता येत नाही, तर निदान एकजुटीने असहकार तरी करावा, असे कोणी म्हणेल. हॉस्पिटले आणि विमा कंपन्या यांच्या भांडणात याचा अनुभव देशाने घेतला आहे. जुलै २०१० मध्ये चार सरकारी विमा कंपन्यांनी मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि बंगळूर येथे कॅशलेसची सोय फक्त त्यांचे बांधीव दर मान्य करणाऱ्या हॉस्पिटलांपुरती ठेवली. अनेक मोठी हॉस्पिटले यादीबाहेर राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये उलट बाजूने तसेच घडू पाहत होते. हॉस्पिटलांच्या एका संघटनेने उत्तर भारतातील आपल्या सभासदांना सांगितले की, १ सप्टेंबरपासून एका मोठ्या खाजगी विमा कंपनीच्या पॉलिसीधारकांची कॅशलेस सोय बंद करा. विमा कंपन्यांच्या परिषदेने हरकत घेतली, बैठका झाल्या आणि तो निर्णय मागे घेतला गेला. दोघांचे भांडण तिसऱ्याचा लाभ अशी म्हण आहे. येथे दोघांच्या भांडणात तिसऱ्याचे मरण ओढवते. हप्ता भरूनही ज्याला दारातून पैसे भरा म्हणून सांगितले जाते तो रुग्ण ना कंपनीला दुवा देतो, ना हॉस्पिटलला.

अमेरिकेत हा प्रश्न फार पुढे गेला आहे. तेथे विमा कंपनी आणि औषधाचे दुकान यांच्यामध्ये औषधलाभ सांभाळणाऱ्या मध्यस्थ कंपन्या आहेत. तेथील व्यापार आयोगाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे सुमारे ८० टक्के चिठ्ठ्यांचा कारभार त्यांतील तीन कंपन्यांच्या हाती आहे. लहान दुकानदार आपल्या वतीने करार करण्यासाठी एका सेवासंस्थेत सामील होतात. परंतु त्याच देशाच्या ताब्यातील पोर्टो रिको बेटावर दुकानदारांच्या सहकारी संस्थेने जेव्हा ‘दर द्या, नाहीतर सगळी दुकाने करार सोडतील’ असा पवित्रा घेतला, तेव्हा २०१२ साली तिला व्यापार आयोगाच्या आदेशाखाली ते थांबवावे लागले. दुसरीकडे आर्कन्सा राज्यातील दुकानदारांनी कायदेमंडळाचा रस्ता धरला. दुकानदाराला खरेदीपेक्षा कमी पैसे देता येणार नाहीत असा कायदा तेथे २०१५ साली झाला, आणि डिसेंबर २०२० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. धमकीने जे मिळाले नाही ते उघड चर्चेने झालेल्या कायद्याने मिळाले.

मग करावे काय?

आमच्या अनुभवावरून आम्हाला सुचते ते येथे मांडतो. प्रत्यक्ष पाऊल टाकण्यापूर्वी स्पर्धा कायदा जाणणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्यावा, हे सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट मागण्यांची. मागणीपत्रात दर सोडूनही पुष्कळ काही मागता येते. बिलाचा एकच नमुना, बिल मिळाल्यापासून पैसे देण्याची ठराविक मुदत, बिल नाकारले तर लेखी कारण, तक्रार ऐकणारा जबाबदार अधिकारी, आणि अटी पुऱ्या करणाऱ्या प्रत्येक परवानाधारक दुकानाला यादीत प्रवेश. हॉस्पिटलच्या कॅशलेस विनंतीवर एका तासात निर्णय द्यावा, असे विमा नियामकाने २०२४ साली कंपन्यांना सांगितले. मग औषधाच्या दुकानाच्या बिलाला मुदत का नसावी? ही मागणी नियामकापुढे आणि सरकारपुढे संघटनेने उघडपणे मांडावी. तिच्यात भाव बांधण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरी गोष्ट सुटसुटीतपणाची. ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण येथील दुकानदारांनी सहकारी संस्था काढून खरेदी एकत्र करावी, बिलाची संगणकपद्धत एक करावी, बिलांची तपासणी करणारा एक निःपक्ष माणूस नेमावा आणि रात्री कोणत्या भागात कोणते दुकान उघडे राहील याचे वेळापत्रक ठेवावे. सहकाराची परंपरा आपल्याला नवी नाही. मुंबईत नायगावच्या कामगारांनी १९४८ साली काढलेले ‘अपना बाजार’ सर्वांना ठाऊक आहे. एकत्र खरेदीने माल स्वस्त पडला तर सवलत देण्याची ताकद येते, आणि ती किती द्यावी हे प्रत्येक दुकानदाराने स्वतंत्रपणे ठरवावे. आपसात आकडा ठरवू नये, आणि जो अधिक सवलत देईल त्याला वाळीत टाकू नये. ही शिस्त पाळणे संपाच्या शिस्तीहून कठीण आहे, याची आम्हाला जाणीव आहे.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती दुकानदारांपेक्षा आम्हा कामगारांना उद्देशून आहे. विमा कंपनीचे खरे गिऱ्हाईक दुकानदार नव्हे. गट विम्याची पॉलिसी कारखाना विकत घेतो, आणि ती कामगारांशी झालेल्या करारातून येते. तेव्हा विमा कंपनीपुढे जे बळ दुकानदारांच्या संघटनेला नाही, ते पॉलिसी घेणाऱ्यांपाशी आहे. विकणाऱ्यांनी मिळून भाव ठरविला तर कायदा आडवा येतो. पण आपल्याला कशी पॉलिसी हवी हे विकत घेणाऱ्याने सांगणे यात बेकायदा काही नाही. आमच्या मागणीपत्रात आम्ही असे लिहू शकतो की, औषधाचा लाभ परवाना असलेल्या आणि जाहीर अटी मान्य करणाऱ्या कोणत्याही दुकानातून मिळाला पाहिजे. अटी पॉलिसी घेणाऱ्यांनी कंपनीबरोबर ठरवाव्यात आणि जाहीर कराव्यात. ज्या दुकानदाराला त्या परवडतील त्याने आपल्यापुरती सही करावी, ज्याला परवडणार नाहीत त्याने करू नये. दुकानदारांच्या संघाने निरोप पोचवावा, कागद समजावून द्यावेत. सौदा त्याने करू नये.

यावर आमच्याच सभेत एकाने विचारले, ‘साखळीवाला पंधरा टक्के सोडतो. दुकानदाराच्या कळवळ्यासाठी आम्ही ते का घालवावेत?’ प्रश्न रास्त आहे. दहा हजार रुपये पेन्शनीवर घर चालविणाऱ्या म्हाताऱ्याला पंधरा टक्के म्हणजे चार दिवसांची भाजी. म्हणून सवलत घालवा असे आम्ही म्हणत नाही. सवलत हवी त्याने साखळीत जावे, ऑनलाइन घ्यावे, जन-औषधी केंद्रात जावे. आमचे म्हणणे एवढेच की, ही निवड आजारी माणसाची असावी, पुस्तिकेतील बारीक अक्षरांची नव्हे. रात्री अकराला उघडे असलेले दुकान, चिठ्ठी पाहून ‘हे औषध आधीच्या गोळीबरोबर चालते का, डॉक्टरांना विचारून या’ असे सांगणारा फार्मासिस्ट आणि महिनाअखेरची उधारी यांनाही किंमत आहे. ती छापील सवलतीत दिसत नाही. मात्र दुकानदारांनीही लक्षात ठेवावे की, ही किंमत फार्मासिस्ट खरोखर दुकानात हजर असेल, बिल खरे असेल आणि दुकान रात्री उघडे असेल तरच लोक मान्य करतील. परवाना भिंतीवर आणि फार्मासिस्ट घरी, असा कारभार असेल तर त्याच्यासाठी भांडावयास आम्ही कोणाला सांगणार नाही.

आम्ही आजवर जेवढे करार पाहिले त्यांत टिकलेले करार असे होते की ज्यांत टेबलाशी न बसलेल्या माणसाचाही विचार झाला होता. या सौद्यात तो माणूस म्हणजे चिठ्ठी हातात घेऊन काउंटरपुढे उभा असलेला रुग्ण. दुकानदार, विमा कंपनी आणि आम्ही कामगार यांच्यापैकी जो त्याच्या सोयीची बाजू मांडील त्याचे म्हणणे अखेरीस टिकेल.

आपल्यापैकी पुष्कळांकडे कारखान्याची किंवा कार्यालयाची गट पॉलिसी असेल. तिचे वार्षिक नूतनीकरण होण्यापूर्वी पुस्तिका मागवून घ्या आणि औषधाचे कलम वाचा. औषध कोठून घेता येईल, बिलाचे पैसे किती दिवसांत मिळतील आणि नाकारल्यास दाद कोणाकडे मागावी, हे तीन प्रश्न आपल्या व्यवस्थापनाला आणि आपल्या संघटनेला लेखी विचारा. आपल्या गल्लीतील केमिस्टला विचारा की असे बिल त्याला नीट देता येईल काय. उत्तरे आली की ती एकमेकांना दाखवा. वाटाघाटीची सुरुवात एवढ्यानेच होते.